इटलीकरणीचे अठरा दोष

गिऱ्हाईक आलं की नंदकिशोर आधी गाडीवरचं कापड काढायचा, मग तिला हात जोडायचा आणि मग तिची निंदा सुरू करायचा. गेल्या आठ महिन्यांत हे सहा वेळा झालं होतं. समोरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत गाडीवर लुब्ध व्हायचा, पुढच्या पंधरा मिनिटांत शुद्धीवर यायचा, आणि "कळवतो हं काका" म्हणून जो जायचा तो जायचाच.

गाडी म्हणजे मोटरसायकल, इटलीची. बाराशे सीसीची, अडीचशे किलो वजनाची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. लांबच्या प्रवासासाठी केलेली, पण वळण दिसलं की पोरकटपणा करायची खोड अंगात ठेवलेली. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना असे बाहेर आलेले, की पाहणाऱ्याला वाटावं, बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे. आवाज कणीक लावलेल्या पखवाजासारखा भरीव. बारा वर्षांपूर्वी चिकमगळूरच्या एका कॉफीवाल्याकडून नंदकिशोरनं ती घेतली आणि के. आर. पुरमच्या घरी चालवत आणली, त्या दिवशी त्याच्या बायकोनं, सुलभानं, दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. "आली का तुमची इटलीकरीण," असं ती म्हणाली आणि तेच नाव पुढं चालू राहिलं.

नंदकिशोरची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. तिथं यंत्र बाहेर सोडायच्या आधी त्याचे दोष कागदावर उतरवायचे, एकही लपवायचा नाही, अशी रीत. संध्याकाळी कीर्तन. तिथंही बुवा आधी पूर्वरंगात माणसाचे दोष एकेक करून दाखवतात आणि मगच उत्तररंगात गोष्टीला हात घालतात. दोन्हीकडून एकच सवय लागलेल्या माणसानं जुनी गाडी विकायला काढली तर दुसरं काय होणार?

विकायला काढायचं कारण मात्र साऱ्या कीर्तन मंडळाला ठाऊक होतं. चैत्रात एका सकाळी झुलत्या पुलाखालच्या सिग्नलला गाडी पडली. धावताना नव्हे, उभी असताना. मागं सुलभा बसली होती. ती फुटपाथच्या कडेवर डाव्या हातावर पडली आणि मनगटाचे तीन तुकडे झाले. भोवती माणसं गोळा झाली, कुणीतरी गाडी उचलली, कुणीतरी पाणी दिलं. नंदकिशोर रस्त्यात उभा राहून म्हणाला, "क्लचनं दगा दिला. एकदम पकडला." पुढं दवाखान्यात तेच सांगितलं, मंडळात तेच, नातेवाइकांना फोनवर तेच.

सुलभा एकवीस वर्षं मंडळाच्या कीर्तनात पेटीला बसत होती. पेटी वाजते उजव्या हातानं, पण जगते डाव्या हातावर. भाता डाव्यानं ओढायचा. आता मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू होते. बोटं हलत होती, स्वयंपाक होत होता, पण भाता पंधरा मिनिटं ओढला की कोपरापर्यंत आग चढायची, आणि कीर्तन चालतं अडीच तास. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी ती देवापुढं बसली आणि म्हणाली, "पुढच्या दत्तजयंतीचा सप्ताह सुरू व्हायच्या आत ती गाडी घरातून जाऊ दे. एवढंच मागते." देवाकडं मागत होती की नवऱ्याकडं, ते तिनं सांगितलं नाही. नंदकिशोर मागंच उभा होता. तो "हो" म्हणाला.

सप्ताह उद्या सुरू होणार होता. धारवाडचे कीर्तनकार जयतीर्थबुवा रात्रीच्या गाडीनं निघणार होते. पेटीवर कुणी दुसरा बसणार होता. आणि इटलीकरीण अजून खाली पार्किंगमध्ये, खांबाच्या आडोशाला उभी होती.

रविवारी सकाळी आठला सातवं गिऱ्हाईक आलं. ती मुलगी होती. शलाका, मूळची नागपूरची, कोरमंगल्यात राहणारी, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. एका हातात हेल्मेट, अंगात जाड जॅकेट, डोळ्यांखाली आठवडाभराच्या मीटिंगांची काजळी.

"नमस्कार काका. कॅबवाल्यानं टिन फॅक्टरीच्या चौकात चाळीस मिनिटं घालवली. रविवारीसुद्धा! हे शहर काही झोपत नाही का हो?"

"झोपतं. गाडीत बसल्या बसल्या," नंदकिशोर म्हणाला.

वरच्या मजल्यावरचे शेजारी दुधाची पिशवी घेऊन चालले होते. ते थांबले आणि हसले. "एनण्णा, इवत्तादरू होगुत्ता?" आज तरी जाते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "नोडोणा," नंदकिशोर म्हणाला, "बघू या." शेजाऱ्यांनी शलाकाकडं कीव केल्यासारखं पाहिलं आणि ते जिना चढून गेले.

आज सुलभाही खाली आली होती. आधीच्या सहा वेळी ती वर पूजेत नाहीतर हाताच्या व्यायामाच्या बाईंकडं असायची. आज ती जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. "बसा ना काकू वर, थंडी आहे," असं शलाका म्हणाली, तर ती म्हणाली, "असू दे बाई. शेवटचा दिवस आहे, पाहते तरी."

नंदकिशोरनं कापड काढलं. शलाका बोलायची थांबली. तिनं टाकीवर नुसता तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"पहिला दोष," नंदकिशोरनं सुरुवात केली. "हिला सकाळी उठायला आवडत नाही. पहिल्यांदा बटण दाबलं की फक्त हुंकार देते. दुसऱ्यांदा उठते. रागावायचं नाही."

"मीपण अशीच आहे काका."

"दुसरा. उभी असताना रेस दिली की उजवीकडं झुकते. इंजिनाची मांडणीच तशी आहे. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, महिन्यानं कौतुक वाटायला लागतं. तिसरा, पेट्रोलचा काटा आस्तिक आहे. टाकी कोरडी झाली तरी म्हणतो, आहे, आहे, अजून आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून मी होस्कोट्याच्या पुढं दोनदा ढकलत आलोय."

पायरीवर सुलभाला हसू फुटलं. ही यादी तिनं कधी ऐकलीच नव्हती. नंदकिशोरला ते हसू ऐकून बरं वाटलं आणि त्याचा आवाज चढला. पुढचं तो उभ्या उभ्या रंगून सांगत गेला. न्यूट्रल सापडत नाही, शोधायला गेलं की लपतं, दुर्लक्ष केलं की येऊन बसतं. सिल्क बोर्डच्या सिग्नलला पोटऱ्या भाजून निघतात. गल्लीत वळवायची म्हणजे वरात वळवायची, चार माणसं बाजूला सारावी लागतात. रबराची एक वळी मागवली तर इटलीहून यायला तीन महिने, तोवर ही इथं आणि आपण रिक्षात. सगळ्या शहरात हिला जाणणारा मेकॅनिक एकच, विल्सन गार्डनचा, आणि तो बोलत नाही, नुसती मान हलवतो. ती मान होकाराची की नकाराची, हे कळायला नंदकिशोरला चार वर्षं लागली.

शलाका मोबाइलवर टिपून घेत होती. सुरुवातीला हसून, मग गंभीर होऊन.

"आणि अठरावा," नंदकिशोर म्हणाला, "हिच्यानंतर दुसऱ्या गाडीवर मन बसत नाही. हा सगळ्यात वाईट. झाले अठरा. एवढेच."

तो थांबला. आणि त्या थांबलेल्या क्षणात पायरीवरून अगदी हलकेच, कुणाला उघडं पाडायचं नाही अशा बेतानं, सुलभाचा आवाज आला.

"क्लच राहिला."

हे तिचं एकवीस वर्षांचं काम होतं. जयतीर्थबुवा आता अठ्ठ्याहत्तरीचे. रंगात आले की मधली एखादी ओळ त्यांच्या हातून निसटायची, आणि मागं पेटीवर बसलेली सुलभा स्वर न सोडता ती ओळ त्यांच्या पाठीशी ठेवायची. बुवा ती उचलून पुढं जायचे. समोरच्या दोनशे माणसांना कधी कळायचं नाही. आज नवऱ्याची यादी ऐकताना तिला मधली एक जागा मोकळी दिसली आणि तिनं सवयीनं ती भरून दिली. त्यात ना राग होता ना टोमणा.

नंदकिशोरला ती ओळ उचलता येईना.

"क्लच?" शलाकानं विचारलं.

"अगं, तोच तर मोठा," सुलभा तिला म्हणाली. "एकदम पकडतो. त्यानंच तर आम्ही पडलो चैत्रात. हे बघ." तिनं मनगट वर केलं. कातडीवर पांढुरकी रेघ होती. "ह्यांच्या तोंडून राहून गेलं असेल. तुला सांगितलेलं बरं. एकटीदुकटी जाशील कुठं तरी."

शलाकानं मोबाइल खिशात घातला. गाडीकडं एकदा पाहिलं, मनगटाकडं एकदा. "काका, बाकी सगळं चालतं मला. उलट आवडूनच राहिलं होतं. पण क्लचचा भरवसा नसेल तर नाही. मी हायवेला एकटीच असते." आणि तिनं जमिनीवरचं हेल्मेट उचललं.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. मुलगी आपल्या पायांनी चालली होती. गाडी राहिली असती, आणि सुलभालाही काही म्हणता आलं नसतं, कारण गिऱ्हाईक तिनंच परत पाठवलं होतं. सहा वेळा जे अठरा दोषांनी केलं ते आज एकोणिसाव्यानं केलं असतं. नंदकिशोरला हे सगळं एका श्वासात दिसलं. आणि असंही दिसलं, की सहाही वेळा हा दोष आपल्या तोंडून कधी राहून गेलाच नव्हता. तो यादीत नव्हताच. खोटं लिहायला हात धजला नव्हता, आणि खरं लिहायला जीव.

आठ महिने हे ओझं उचलून तो थकला होता. किती थकला होता ते त्याला आत्ता कळलं.

"क्लचला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"अहो," सुलभा म्हणाली.

"क्लच चांगला आहे, शलाका. कधीच बिघडला नव्हता. त्या मेकॅनिकला विचार, तो मान हलवेल. गाडी पडली नाही. मी पाडली. सिग्नलला डावा पाय टेकवला आणि गुडघा लुळा पडला. तो आधीही पडायचा. मला माहीत होतं."

पार्किंगमध्ये कुठंतरी पाण्याचा पंप चालू झाला. शलाका हेल्मेट पोटाशी धरून उभी राहिली. आपण कुणाच्या तरी घरात आत, नको तितक्या आत, आलो आहोत असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सुलभा पहिल्यांदा बोलली ती शलाकाशीच. "जा बाई तू. फिरवून आण. बुदिगेरेवरून देवनहळ्ळीपर्यंत जा, रस्ता बरा आहे. घाई करू नकोस."

"काकू, मी नंतर येऊ का?"

"नंतर नाही. आज."

नंदकिशोरनं किल्ली दिली. पहिल्या बटणाला इटलीकरणीनं हुंकार दिला, दुसऱ्याला उठली. शलाका वजन सांभाळत फाटकापर्यंत गेली, वळली आणि तो भरीव आवाज रस्त्यानं लांब लांब जात रहदारीत मिसळून गेला. नंदकिशोर तो संपेपर्यंत उभा होता. मग येऊन पायरीवर बसला. सुलभापासून हातभर अंतरावर.

 कोवळं ऊन खांबाच्या कडेनं आत सरकत होतं.

"कधीपासून?" सुलभानं विचारलं.

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून."

तिनं मनात महिने मोजले. "आपण माघात मंत्रालयाला स्वामींच्या दर्शनाला गेलो."

"हो."

"साडेतीनशे किलोमीटर. मी मागं बसून झोपले होते. तुमच्या पाठीला डोकं टेकून."

"हो."

"आणि तुम्हाला गुडघ्याचं ठाऊक होतं."

 त्यानं मान हलवली.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गाडी काढून टाका."

"म्हणाले असतेच."

"म्हणून."

ह्यावर ती ज्या तऱ्हेनं हसली ते त्याला ऐकवेना. "म्हणून," तिनं तो शब्द तोंडात घोळवला. "आठ महिने मी त्या मुक्या गाडीला शिव्या घातल्या. भाजी आणायला खाली उतरले की तिच्याकडं बघायचीसुद्धा नाही. एकदा तर पायातली चप्पल मारली टायरला, कुणी नाही बघून. तुमच्या वाटच्या शिव्या तिनं खाल्ल्या. आणि तुम्ही वर देवापुढं बसून नाम घेत होतात."

"घेत होतो. लागत नव्हतं."

"कसं लागेल?" ती म्हणाली. मग डाव्या हाताकडं बघत, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, म्हणाली, "ह्या हातानं एकवीस वर्षं भाता ओढला, नंदकिशोर."

चौतीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. बेळगावकडच्या तिच्या माहेरी ती रीतच नव्हती. तो दचकला. ती ओरडली असती, रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. पाणी आणता आलं असतं. पण ती फक्त दमली होती, आणि तोही. दोन दमलेली माणसं एका पायरीवर बसली की भांडणसुद्धा नीट होत नाही. वाक्य सुरू होतं आणि अर्ध्यात त्याचा श्वास सरतो.

"माफ कर म्हणू का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"आज नको. आज मला ऐकू यायचं नाही."

"बरं."

"उद्या मंडळात सगळे विचारतील, गाडी गेली का म्हणून. बायका माझा हात हातात घेऊन त्या क्लचला नावं ठेवतील. मी आता नाही मान डोलावणार त्यांच्याबरोबर."

"मी सांगेन."

"बुवांनासुद्धा?"

 बुवांनी चैत्रात फोनवर क्लचची हकीकत ऐकून म्हटलं होतं, यंत्र आहे बाबा, त्याला कुठली लाज. "त्यांना आधी सांगेन," तो म्हणाला. "स्टेशनवर आणायला जाईन तेव्हाच. गादीवर उभे राहायच्या आधी."

"सांगा. आणि गुडघा दाखवायचा मंगळवारी. मी येणार बरोबर. डॉक्टरला काय सांगता ते मला ऐकायचं आहे."

शलाका पावणेदोन तासांनी आली. केस चपटे झालेले, गाल वाऱ्यानं लाल, आणि डोळ्यांखालची काजळी कुठंतरी बुदिगेरेच्या रस्त्याला पडून राहिलेली. गाडी स्टँडवर लावायलाही ती विसरली, तशीच तिच्यावर बसून बोलत सुटली.

"काका, उजवीकडं झुकते ना, चहाच्या टपरीवर चार पोरांसमोर झुकली, आणि मी 'अय्यो' म्हणून ओरडले, चक्क कन्नडमधून! आणि न्यूट्रल सापडलंच नाही हो. सिग्नलला दोन मिनिटं क्लच धरून बसले. एकदम लोण्यासारखा आहे पण. क्लच." शेवटचा शब्द बोलल्यावर ती ओशाळली. सुलभाकडं बघून म्हणाली, "सॉरी काकू."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? चांगला आहे तर आहे," सुलभा म्हणाली. "घेतेस ना?"

"घेते."

"मग एक ऐक. लांब जाशील तेव्हा मागं कुणाला बसवलंस, तर त्याला सांगायचं, तुझं काय दुखतंय, तुला किती झोप आलीय, सगळं. लपवायचं नाही. मागच्या माणसाला पुढचं काही दिसत नसतं."

शलाकानं मान हलवली. हे आपल्यापुरतं सांगितलेलं नाही, एवढं तिलाही कळलं. नंदकिशोर खाली बघत होता.

कागद पायरीवरच झाले. नंदकिशोरनं जागोजागी सह्या केल्या. सुटे भाग ठेवलेला डबा, कॉफीवाल्यानं दिलेली इटालियन पुस्तिका, मेकॅनिकचा नंबर, असं सगळं त्यानं वरून मागवून न घेता आधीच खाली आणून ठेवलं होतं. म्हणजे मनात कुठंतरी ठरलं होतं तर, असं सुलभाच्या मनात आलं. पण ती बोलली नाही. आज त्याला एवढंही द्यायची तिची तयारी नव्हती.

शलाका निघाली तेव्हा त्यानं गाडीला हात जोडले नाहीत. फाटक उघडायला जावं असं मनात होतं, पण पाय साथ देईना, म्हणून बसल्या जागेवरून "स्वल्प डावीकडं घे, खड्डा आहे," एवढं ओरडून सांगितलं. तिनं हात वर केला. गाडी गेली. खांबाच्या आडोशाला तेलाचा एक डाग आणि चुरगळलेलं कापड राहिलं.

"चला," सुलभा म्हणाली. "पोटात काही नाही सकाळपासून."

पण उठवेना. पायरी बुटकी होती आणि तिच्यावर दोघं दोन तासांहून जास्त बसली होती. नंदकिशोरनं कठड्याला धरून जोर लावला, गुडघ्यातून कळ गेली आणि तो परत बसला. सुलभानं सवयीनं डावा हात टेकला, "स्स" केलं आणि तीही परत बसली.

"गार्डला हाक मारू का?" त्यानं विचारलं.

"नको. उद्या सगळ्या इमारतीला सांगत फिरेल."  तिनं उजवा हात त्याच्यापुढं केला, तोंड मात्र फाटकाकडंच ठेवून. "हा धरा. दुसऱ्याला हात लावू नका. मी म्हणते तेव्हा उठायचं, त्याच्या आधी नाही. आणि गुडघा लटपटला तर तोंडानं सांगायचं."

"लटपटतोय," नंदकिशोर म्हणाला.

"मग थांबा," सुलभा म्हणाली, आणि हात न सोडता पुन्हा टेकून बसली.